लिनक्स फाइल सर्व्हरवर स्नॅपशॉट फसतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एलव्हीएमवर, म्हणजे डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेवर, चालणाऱ्या फाइल सर्व्हरसाठी आहे, मग खाली डेबियन असो, उबुंटू असो की रेड हॅट. स्नॅपशॉट म्हणजे व्हॉल्यूमचं त्या क्षणाचं गोठवलेलं रूप. छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळताना जे प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाकायची. घाईत असाल तर आधी एलव्हीएस (व्हॉल्यूमची यादी दाखवणारी कमांड) चालवा, 'डेटा %' हा रकाना, म्हणजे स्नॅपशॉटची जागा किती भरली ते, बघा आणि मगच खाली या. बहुतेक तक्रारींचं उत्तर त्या एका रकान्यात सापडतं.

एलव्हीएसमध्ये स्नॅपशॉटच्या ॲट्रिब्यूटमध्ये कॅपिटल 'आय' दिसतोय आणि माउंट होत नाही. आतला डेटा परत मिळेल का?

नाही. ॲट्रिब्यूटच्या रकान्यातलं पाचवं अक्षर स्थिती सांगतं. एरवी तिथे छोटा 'ए' असतो. कॅपिटल 'आय' आला म्हणजे स्नॅपशॉट बाद झाला. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) 'इनव्हॅलिडेटिंग स्नॅपशॉट: अनेबल टू अलोकेट एक्सेप्शन' अशी ओळ असेल तर जागा संपून बाद झाला हे नक्की. आता त्याची साइज वाढवून उपयोग नाही. भरला त्या क्षणानंतर मूळ व्हॉल्यूमवर जे लिहिलं गेलं, त्याखालचं जुनं कुठेच ठेवलं गेलेलं नाही. तेव्हा एलव्हीरिमूव्हने काढा आणि नवा घ्या.

मूळ व्हॉल्यूमला मात्र धक्का लागलेला नसतो. लोक घाबरून भर कामाच्या वेळी सर्व्हर रीबूट करतात, त्याची काही गरज नाही.

पण आम्ही जुन्या फाइलींना हातही लावला नव्हता. मग स्नॅपशॉट भरला कसा?

इथे थोडं थांबू, कारण पुढचे निम्मे प्रश्न यातूनच निघतात.

पुण्यातल्या एका छापखान्याचा सर्व्हर माझ्याकडे होता. रात्री अकराला १० जीबीचा स्नॅपशॉट, त्यातून आरसिंकने (फाइली कॉपी करणारी कमांड) बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, पहाटे स्नॅपशॉट काढून टाकायचा. वर्षभर डेटा % कधी १५च्या वर गेला नाही. मग दिवाळी अंकांचा हंगाम आला. डीटीपीवाली मंडळी रात्री थांबायला लागली, आणि एका रात्री कोणीतरी पेनड्राइव्हवरून १४ जीबीचे स्कॅन केलेले फोटो सर्व्हरवर टाकले. साडेबाराच्या आत स्नॅपशॉट गेला. सकाळी ऑपरेटर शपथेवर सांगत होता, "साहेब, मी नवीन फोल्डर केला, जुन्यातलं काही बदललं नाही." तो खरंच बोलत होता.

एलव्हीएमचा जुना, म्हणजे थिक स्नॅपशॉट फाइल ओळखत नाही. त्याला फक्त ब्लॉक कळतात. घेताना तो काहीच कॉपी करत नाही, म्हणून दोन टीबीचा स्नॅपशॉटही सेकंदात होतो. नंतर मूळ व्हॉल्यूमवर एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा लिहायची वेळ आली, की आधी तिथलं जुनं उचलून स्नॅपशॉटच्या जागेत ठेवतो आणि मग नवं लिहू देतो. हा तुकडा ठरवून दिला नसेल तर ४ केबीचा असतो. तो तुकडा फाइलसिस्टिमच्या हिशेबात मोकळा होता की भरलेला, याची त्याला पर्वा नाही. मोकळ्या जागेवरचा जुना कचराही तो इमानदारीत जपून ठेवतो. १४ जीबी नवीन फोटो म्हणजे १४ जीबी 'जुना' ऐवज, आणि आमच्याकडे जागा होती १० जीबी.

उलट, एकाच तुकड्यावर शंभर वेळा लिहिलं तरी खर्च एकदाच. आणि मोठी फाइल नुसती डिलीट केली तर स्नॅपशॉट जवळजवळ भरतच नाही, कारण बदलते ती फक्त फाइलसिस्टिमची नोंद. डीफ्रॅग चालवणं, पूर्ण शेअरवर मालकी किंवा परवानग्या बदलणं, बॅकअपच्या वेळीच दुसरीकडून डेटा आणून टाकणं, हे खरे खादाड. यातलं काहीही स्नॅपशॉट चालू असताना करू नका.

मग साइज किती ठेवायची? सगळीकडे १० ते २० टक्के सांगतात.

तो आकडा अंदाज म्हणून ठीक आहे, पण तुमच्या ऑफिसची रीत त्याला माहीत नाही. एकदा मोजाच. मोकळी जागा असेल त्या दिवशी मुद्दाम मोठा स्नॅपशॉट घ्या आणि दर तासाला डेटा % लिहून ठेवा. ४० जीबीचा घेतला आणि आठ तासांत २० टक्के भरला, तर तुमचा बदल ८ जीबी. मग सगळ्यात गर्दीचा दिवस डोळ्यासमोर आणून दुप्पट-तिप्पट ठेवा. सीएच्या ऑफिसात रिटर्नच्या तारखा, शाळेत निकाल, छापखान्यात दिवाळी. मोजणी जूनमधल्या निवांत मंगळवारी केली तर ती त्या मंगळवारापुरतीच खरी.

वरची मर्यादा मूळ व्हॉल्यूमच्या साइजपेक्षा किंचित जास्त, इतकीच आहे. तेवढी दिली की तो भरून बाद होऊच शकत नाही. छोट्या व्हॉल्यूमसाठी, म्हणजे ३०-४० जीबीच्या हिशेबाच्या शेअरसाठी, मी सरळ तेच करतो. डिस्क स्वस्त आहे, रात्रीची झोप नाही.

ऑटोएक्स्टेंड लावलं होतं. तरी भरला.

आधी बघा, ते खरंच लागलं होतं का. एलव्हीएम डॉट कॉन्फमध्ये स्नॅपशॉट ऑटोएक्स्टेंड थ्रेशोल्डची किंमत मुळात १०० असते, आणि १०० म्हणजे बंद. ७० केली आणि वाढीचा टक्का २० ठेवला, तर १० जीबीचा स्नॅपशॉट ७ जीबी भरल्यावर १२चा होतो, ८.४ भरल्यावर १४.४चा. ५०च्या खालची किंमत दिली तरी ती ५०च धरली जाते.

दुसरं, हे काम डीएमइव्हेंटडी नावाचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) करतो. एलव्हीएम२-मॉनिटर ही सर्व्हिस बंद असेल तर कॉन्फिगमध्ये काहीही लिहा, कोणी बघणारच नाही. तिसरं, वाढायला व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (ज्यातून व्हॉल्यूमना जागा मिळते तो डिस्कचा साठा) मोकळी जागा हवी. हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं.

हे तिन्ही ठीक असेल तर गडबड वेगाची आहे. डीमन काही सेकंदांच्या अंतराने डोकावतो. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला साधारण ११० एमबी येऊ शकतात. स्नॅपशॉट १ जीबीचा असेल तर ७० टक्क्यांनंतर उरतात ३०० एमबी, म्हणजे तीन सेकंदही नाहीत. १० जीबीचा असेल तर उरलेल्या ३ जीबीला सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद लागतात, तेवढ्यात डीमन पोचतो. म्हणून ऑटोएक्स्टेंडच्या भरवशावर सुरुवातीची साइज चिमुकली ठेवू नका.

स्नॅपशॉट घेतानाच 'इनसफिशियंट फ्री स्पेस' येतं. डीएफमध्ये तर ६०० जीबी रिकामे दिसतात!

डीएफ फाइलसिस्टिमच्या आतली रिकामी जागा दाखवतं. स्नॅपशॉटला हवी असते फाइलसिस्टिमच्या बाहेरची, व्हॉल्यूम ग्रुपमधली जागा. व्हीजीएस चालवा आणि 'व्हीफ्री' बघा. बहुतेक वेळा शून्य असतं, कारण इन्स्टॉल करताना कोणीतरी अख्खी डिस्क एका व्हॉल्यूमला देऊन टाकलेली असते.

वाटा दोन. फाइलसिस्टिम ईएक्सटी४ प्रकारची असेल तर अनमाउंट करून, तपासून, फाइलसिस्टिम लहान करता येते. आधी बॅकअप, मग फाइलसिस्टिम, मग व्हॉल्यूम. क्रम उलटा झाला की डेटा कापला जातो. एक्सएफएस हा दुसरा प्रकार मात्र लहान करण्याचा भरवशाचा मार्ग नाही. तिथे नवी डिस्क लावायची, पीव्हीक्रिएट करायचं, व्हीजीएक्स्टेंडने ग्रुपात घ्यायची. ईएक्सटी४ असला तरी मी नवी डिस्कच सुचवेन. चालत्या सर्व्हरची फाइलसिस्टिम लहान करणं म्हणजे भाड्याच्या घरात भिंत पाडण्यासारखं, जमतं पण झोप उडते.

एक इशारा: ती नवी डिस्क हाताशी पडलेली जुनीपुराणी नको. तिच्यावर वाचण्या-लिहिण्याची चूक आली की स्नॅपशॉट तिथल्या तिथे बाद.

सकाळी बॅकअपची डिस्क रिकामी होती. आरसिंकने एकही चूक दाखवली नाही.

या पानावरची सगळ्यात महाग चूक हीच, आणि ती माझ्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये होती.

स्नॅपशॉट बाद झाला की डीएमइव्हेंटडी तो अनमाउंट करायचा प्रयत्न करतो. त्या वेळी आरसिंक आतून वाचत असेल तर त्याला इनपुट-आउटपुट एरर येतो, आणि चूक आली की आरसिंक डिलीट करणं टाळतो. इथवर सगळं ठीक. गोची होते स्नॅपशॉट आधीच उतरलेला असताना किंवा माउंटच झालेला नसताना. मग माउंट पॉइंट हा एक साधा रिकामा फोल्डर उरतो. आरसिंकला तो प्रामाणिकपणे रिकामा दिसतो, चूक काहीच नाही, आणि डिलीटचा पर्याय लावलेला असेल तर तो बॅकअपही तितकाच रिकामा करून मोकळा होतो.

उपाय एका ओळीचा आहे. आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट कमांडने खात्री करा, आणि नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. शेअरमध्ये एक खुणेची फाइल ठेवून ती स्नॅपशॉटमध्ये दिसते का हेही बघतो मी आता. आरसिंक संपल्यावर पुन्हा एलव्हीएस बघा. डेटा % १०० झालेला असेल तर त्या रात्रीचा बॅकअप धरू नका.

एक्सएफएसचा स्नॅपशॉट माउंट होत नाही, 'डुप्लिकेट यूयूआयडी' म्हणतो.

स्नॅपशॉट मूळचंच प्रतिबिंब, त्यामुळे दोघांचा यूयूआयडी एकच. एक्सएफएस एकाच ओळखपत्रावर दोघांना आत घेत नाही. माउंट करताना 'नोयूयूआयडी' हा पर्याय द्या. यूयूआयडी बदलायच्या भानगडीत पडू नका, रात्रीपुरत्या स्नॅपशॉटला ते कशाला.

स्नॅपशॉट रीड-ओन्ली घेतला असेल तर पुढची अडचण येते, 'रिकव्हरी रिक्वायर्ड ऑन रीड-ओन्ली डिव्हाइस'. एक्सएफएसला लॉग पुन्हा चालवायचा असतो आणि लिहायची परवानगी नसते. 'नोरिकव्हरी' देऊन माउंट होतं, पण मला बरं वाटतं ते वेगळं: स्नॅपशॉट लिहिता येण्याजोगा घ्यायचा आणि माउंट फक्त 'आरओ' करायचा. लॉग नीट चालतो आणि फाइली पूर्ण दिसतात. ईएक्सटी४ला यातलं काही लागत नाही.

हाताने कमांड दिली की स्नॅपशॉट होतो, क्रॉनमधून होत नाही.

दोन ठरलेली कारणं. पहिलं, वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी चालवायच्या कामांची यादी) पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडा असतो आणि एलव्हीक्रिएट एसबिनमध्ये राहतं. कमांडचा पूर्ण पत्ता द्या.

दुसरं जास्त छळतं. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. स्नॅपशॉटच्या नावात तारीख घालायला डेट कमांडचे टक्के तिथेच लिहिले, की ओळ अर्ध्यात तुटते. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर सगळं एका स्क्रिप्ट फाइलमध्ये टाका आणि क्रॉनमधून फक्त ती फाइल बोलवा.

'ऑलरेडी एक्झिस्ट्स' येत असेल तर कालचा स्नॅपशॉट निघालेला नाही. तो का निघाला नाही ते आधी शोधा, नाव बदलून पुढे जाऊ नका. असे चार स्नॅपशॉट साठलेला सर्व्हर मी पाहिलाय, आणि तक्रार होती की 'नेटवर्क स्लो आहे'.

'रिक्वायर्ड डिव्हाइस-मॅपर टार्गेट नॉट डिटेक्टेड' म्हणजे काय?

कर्नलला स्नॅपशॉटचं मॉड्यूल सापडलेलं नाही. मॉडप्रोबने डीएम-स्नॅपशॉट लोड करून बघा. नवीन कर्नल आला, जुन्याची मॉड्यूल्स उडाली आणि सर्व्हर अजून जुन्याच कर्नलवर चालतोय, असं असेल तर रीबूटशिवाय गत्यंतर नाही.

एलव्हीरिमूव्ह 'इन यूज' म्हणून नकार देतं.

कोणीतरी आत बसलंय. फाइंडमाउंट आणि फ्यूजर चालवा. बऱ्याचदा तो आपणच असतो, दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरात सीडी करून विसरलेला. सांबातून (विंडोजला लिनक्सचे फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) शेअर केला असेल तर एसएमबीडीचं एखादं कनेक्शन असतं. आणि दोन्हीत काही दिसत नसेल तर कंटेनर किंवा एखादी सिस्टिमडी सर्व्हिस बघा. त्यांच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये तो अजून माउंट राहिलेला असतो, आणि तुमच्या यादीत दिसत नाही. प्रोक फोल्डरातल्या सगळ्या प्रोसेसच्या माउंट्स फाइलींमध्ये ग्रेप करा, नाव सापडतं.

स्नॅपशॉट चालू असताना सर्व्हर रांगतो.

रांगणारच. एका लिहिण्याच्या जागी आता एक वाचणं आणि दोनदा लिहिणं होतं. एकाच मूळ व्हॉल्यूमवर तीन थिक स्नॅपशॉट ठेवलेत तर तिघांसाठी वेगवेगळी कॉपी. फिरत्या डिस्कवर हे लगेच जाणवतं. थिक स्नॅपशॉट हा रात्रीचा पाहुणा, काम झालं की निरोप द्यायचा. आठवडाभराचे स्नॅपशॉट ठेवायचे असतील तर थिनकडे, म्हणजे व्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट एकाच सामायिक पूलमधून जागा घेतात त्या नव्या प्रकाराकडे, वळा.

थिन पूलवर स्नॅपशॉट घेतला. यादीत आहे, पण डिव्हाइसची फाइलच नाही!

तो बिघडलेला नाही, झोपलेला आहे. थिन स्नॅपशॉटवर 'ॲक्टिव्हेशन स्किप'ची खूण असते, ॲट्रिब्यूटमध्ये शेवटी 'के' दिसतो. एलव्हीचेंजला सक्रिय करायच्या पर्यायासोबत कॅपिटल 'के' द्या, की उठतो.

दुसरी फसगत अशी. जुन्या सवयीने एलव्हीक्रिएटला साइज दिली, तर थिन व्हॉल्यूमचाही थिक स्नॅपशॉट होतो, पूलच्या बाहेर जागा खातो आणि वरचे सगळे रोग सोबत आणतो. थिनमध्ये साइज द्यायचीच नाही.

थिन आलं कर्नल ३.२ बरोबर, जानेवारी २०१२ मध्ये. स्नॅपशॉट स्वस्त झाले, पण धोक्याची जागा बदलली. थिकमध्ये जागा संपली तर स्नॅपशॉट मरतो आणि मूळ वाचतं. थिन पूल भरला तर मूळ व्हॉल्यूमही त्याच पूलमध्ये असतं. ठरवून दिलं नसेल तर लिहिणं ६० सेकंद अडकवून ठेवलं जातं, मग एरर यायला लागतात, आणि ते थेट वापरकर्त्याच्या स्क्रीनवर जातात. म्हणून इथे डेटा % इतकाच 'मेटा %' (पूलच्या स्वतःच्या नोंदींची, म्हणजे मेटाडेटाची जागा) बघा. मेटाडेटा भरलेला पूल दुरुस्त करणं डेटा भरण्यापेक्षा जास्त किचकट. फाइली डिलीट करूनही पूल हलका होत नसेल तर एफएसट्रिम चालवा. आणि ते ब्लॉक एखाद्या जुन्या स्नॅपशॉटने धरून ठेवलेले असतील तर तो स्नॅपशॉट काढेपर्यंत जागा सुटणार नाही.

विंडोजवर 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये वेळ साडेपाच तास चुकीची दिसते.

सांबाचं शॅडो कॉपी२ हे मॉड्यूल स्नॅपशॉटच्या फोल्डरच्या नावातून वेळ वाचतं, आणि ती जीएमटी धरतं. तुमच्या स्क्रिप्टने सकाळी ९चा स्नॅपशॉट '०९.००' नावाने माउंट केला, तर विंडोज त्यात साडेपाच तास मिळवून दुपारी अडीच दाखवतो. डेट कमांडला यूटीसी द्या, म्हणजे नाव '०३.३०' होईल आणि स्क्रीनवर ९ दिसेल. नाहीतर मॉड्यूलचा 'लोकलटाइम' पर्याय चालू करा. दोन्ही एकदम केलं तर चूक उलट्या दिशेला जाते.

यादी पूर्ण रिकामी असेल तर आधी बघा, स्नॅपशॉट माउंट झालेत का. नुसते घेतलेले स्नॅपशॉट सांबाला दिसत नाहीत. मग नावाचा साचा आणि कॉन्फिगमधला 'फॉरमॅट' अक्षरशः जुळतो का ते तपासा. एका ठिपक्याच्या फरकाने यादी गायब होते.

स्नॅपशॉट चांगला आहे, पण त्यातला डेटाबेस उघडत नाही.

स्नॅपशॉट घेताना एलव्हीएम फाइलसिस्टिम क्षणभर गोठवतं, त्यामुळे फाइलसिस्टिम सुसंगत मिळते. डेटाबेसच्या मेमरीत काय चाललं होतं ते त्याला कुठून कळणार? मायएसक्यूएलच्या इनोडीबीसारखं इंजिन वीज गेल्यावर जसं सावरतं तसं सावरेल, मात्र डेटा आणि लॉग एकाच व्हॉल्यूमवर हवेत. दोन वेगळ्या व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट पाठोपाठ घेतले तरी दोघांमध्ये काही क्षण पडतात. मायएसक्यूएलमध्ये टेबलं फ्लश करून रीड लॉक घ्या, तेच सेशन उघडं ठेवून स्नॅपशॉट घ्या, मग सोडा. सेशन बंद झालं की लॉकही सुटतो, स्क्रिप्टमध्ये इथेच चुकतं. फाइलवर चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी सरळ उपाय म्हणजे सगळे बाहेर पडल्यावरची वेळ धरणं.

एलव्हीकन्व्हर्टने मर्ज दिला, म्हणजे मूळ व्हॉल्यूम स्नॅपशॉटच्या स्थितीला परत न्यायला सांगितलं, पण जुना डेटा परत आलेला दिसत नाही.

मूळ व्हॉल्यूम माउंट असेल तर मर्ज ताटकळतो आणि पुढच्या वेळी व्हॉल्यूम सक्रिय होताना सुरू होतो. शेअर उतरवा, सांबा थांबवा, व्हॉल्यूम बंद करून पुन्हा चालू करा. रूट व्हॉल्यूम असेल तर रीबूट. मर्ज पूर्ण झाला की स्नॅपशॉट आपोआप नाहीसा होतो, तो 'हरवला' म्हणून शोधत बसू नका.

रॅन्समवेअर आलं तर स्नॅपशॉट वाचवेल का?

थिक स्नॅपशॉटवर तरी अवलंबून राहू नका. रॅन्समवेअर शेअरवरची फाइल न फाइल नव्याने लिहितं, म्हणजे स्नॅपशॉटच्या दृष्टीने ती वर्षातली सगळ्यात खादाड रात्र. तुमचा १० जीबी काही मिनिटांत भरेल आणि नेमका हवा तेव्हाच बाद होईल. थिन स्नॅपशॉट पूलमध्ये जागा असेतोवर टिकतात. एका गोष्टीचा मात्र इथे उपयोग आहे: ८० टक्के भरल्यावर डीएमइव्हेंटडी सिस्टिम लॉगमध्ये इशारा लिहितो. तो मेलवर किंवा मोबाइलवर येईल अशी सोय करा. मध्यरात्री, ऑफिस बंद असताना तो इशारा आला, तर साइज वाढवत बसू नका, आधी सर्व्हरची नेटवर्क केबल काढायला लावा.